ताठ्या वाकला

३ फेब्रुवारी

वहिनी,

एका घोर अन्यायाची नोंद कुठेतरी व्हावी म्हणून हे पत्र. ज्या खोलीत मी एकोणीस वर्षं बसलो, तिचा नंबर अठ्ठावीस होता. गेल्या सोमवारी आमच्या प्रशासनाला साक्षात्कार झाला, की जिन्याखालची झाडू-बादल्यांची कोठडी ही कागदोपत्री खोलीच आहे. तिला नंबर मिळाला आणि पुढचे आम्ही सगळे एकेक घर सरकलो. माझ्या दारावर आता एकोणतीस आहे. लोक म्हणतात, त्यात काय बिघडलं? त्यांना काय सांगू? अठ्ठावीस म्हणजे भरलेलं घर. एकोणतिसावा म्हणजे घर भरल्यावर आलेला आणि व्हरांड्यात बसवलेला पाहुणा. मी रीतसर लेखी तक्रार केली. चार दिवसांत उत्तर आलं, की ‘आकडा जादुई असणे’ हे कारण नियमावलीत बसत नाही.

हे वाचून तुम्ही हसला असाल तर बरं. नसलात, तर पत्र अजून दादाच्याच हातात आहे. धाकट्या भावाचं पत्र अकरा वर्षांनी येतंय आणि तेही बायकोच्या नावावर, म्हणजे दातांचा डॉक्टर पाकीट फोडून आत कीड आहे का ते बघणारच.

तेव्हा दादा, आधी तुझ्यासाठी. तू विसरला असशील म्हणून सांगतो: अणूच्या केंद्रकात दोन, आठ, वीस, अठ्ठावीस, पन्नास अशा संख्येने कण भरले, की ते केंद्रक ताठ होतं. हलवायला गेलं तर हलत नाही. वहिनींनी हे आकडे तुला पहिल्यांदा सांगितले, तेव्हा तू हातातला घास हातात धरून मोजायला लागलास. पुढचे दात आठ. दुधाचे वीस. अक्कलदाढा सोडल्या तर अठ्ठावीस. मग बत्तीस कुठे गेले, असं तू विचारलंस. वहिनी म्हणाल्या, “अक्कल येईपर्यंत निसर्ग थांबत नाही, डॉक्टर.” त्या दिवसापासून तू आमच्या धंद्याबद्दल जरा आदराने बोलायला लागलास. आमच्यापैकी एकीबद्दल तरी.

आता बातमी. ताठ्या वाकला.

दादा, ताठ्या म्हणजे ते केंद्रक, ज्याच्यावरून सगळं झालं. त्याच्यातल्या न्यूट्रॉनांची संख्या जादुई, म्हणून तो ताठ असणार असं सगळं जग धरून चाललं होतं. एकट्या वहिनी म्हणत होत्या की हा आतून मऊ आहे. घरात त्याचं नाव ताठ्या पडलं ते त्यांच्यामुळेच. दुसऱ्या एका प्रयोगशाळेने तो तयार केला. जगतो किती, तर डोळ्याची पापणी मिटायलाही पुरणार नाही इतका. तेवढ्यात त्यांनी त्याची पहिली पायरी मोजली, म्हणजे त्याला स्वस्थपणातून उठवायला कमीत कमी किती ऊर्जा लागते ते. नऊशे सव्वीस.

वहिनी, तुमचा आकडा नऊशे चाळीस होता. माझा दोन हजार तीनशे. एककं लिहीत नाही. दोघांची एकच होती, तेव्हा तिथे पळवाट नाही.

अभिनंदन. एवढंच कळवायचं होतं. बाकी सर्व ठीक.

१९ फेब्रुवारी

वहिनी,

सोळा दिवस झाले. दोष टपालखात्याला द्यावा की दादाला, हे ठरेना. म्हणून हे दुसरं.

इथे ताठ्याने धुमाकूळ घातलाय. साहेबांनी मला बोलावून घेतलं. तुम्ही होतात तेव्हाचेच साहेब. केस गेले, खुर्ची राहिली. म्हणाले, प्रयोगाचा आकडा आलाय, आता आपल्या गटाचं गणित ताबडतोब बाहेर पडलं पाहिजे. तू कर, पहिलं नाव तुझं. सहा महिन्यांनी ते निवृत्त होताहेत आणि खुर्ची कोणाकडे जाणार हे त्यांनी तोंडाने न सांगता भुवईने सांगितलं. मी म्हणालो, हे गणित आपल्याकडे अकरा वर्षांपूर्वी झालंय. त्यावर म्हणाले, “ते मागे घेतलेलं ना? मागे घेतलं म्हणजे झालंच नाही.”

इतकं तत्त्वज्ञान त्या खोलीत एका वेळी मी कधी ऐकलं नव्हतं.

तेव्हापासून मला तुमचं टेबल आठवतंय. टेबल तरी कसलं, दवाखान्यातल्या बाकाचा कोपरा. घरात सगळ्यांचा कलकलाट, म्हणून तुम्ही दादाच्या पेशंटांमध्ये जाऊन बसायच्या. कोणी गाल धरून कण्हतोय, आतून यंत्राचा आवाज येतोय, आणि तुम्ही एक्स-रेच्या रिकाम्या पाकिटांच्या पाठीवर ताठ्याचे कण मांडताय. आमच्याकडे अख्ख्या खोलीएवढं यंत्र होतं. मी त्यात आकडे ओतायचो आणि बाहेर पडेल ते देवाचा कौल म्हणून घ्यायचो. तुम्ही म्हणायच्या, यंत्राला विचारण्याआधी उत्तर साधारण काय यायला हवं ते आपल्याला कळलं पाहिजे, नाहीतर ते आपल्याला काहीही सांगेल. आणि दुसरं म्हणायच्या, जो आकडा मनासारखा आला तो दोनदा तपासावा, नावडता एकदा पुरे. मी बरोबर उलटं करत आलो. सगळेच करतात. म्हणून तुम्ही एक होतात आणि आम्ही पुष्कळ.

केंद्रकातल्या कणांना ठरलेल्या कक्षांत बसवणारं ते शेल मॉडेल मी पुस्तकातून शिकलो, परीक्षा पास झालो, आणि तरी मला ते पटलेलं नव्हतं. दाटीवाटीने कोंबलेले कण, एकमेकांना सतत ओढणारे, ते शहाण्यासारखे आपापल्या कक्षेत फिरतील कसे? हे मी एकदा तुम्हाला भीत भीत विचारलं. तुम्ही म्हणालात, भावजी, नाट्यगृह भरलेलं आहे. मधल्या रांगेतल्या माणसाला शेजाऱ्याने कोपर मारलं. तो सरकेल कुठे? डावीकडे माणूस, उजवीकडे माणूस, पुढच्या चार रांगा भरलेल्या. एका खुर्चीवर दोघांनी बसायचं नाही हा तर निसर्गाचा सगळ्यात कडक नियम. मग तो कोपर गिळतो आणि नाटक बघत बसतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय ही शिस्त!

दोन वर्षं जे डोक्यात शिरत नव्हतं, ते दादाने एका पेशंटचा दात काढेपर्यंत शिरलं.

ताठ्याचंही तसंच. शेवटची रांग भरलेली आहे, म्हणजे आता कोणी उठणार नाही, असं आम्ही सगळे. तुम्ही म्हणालात, वर गॅलरी रिकामी आहे. चढायचे कष्ट आहेत हे खरं, पण दोघं दोघं मिळून गेले तर वर पाय पसरून बसता येतं, आणि त्या सुखात चढण वसूल होते. हे तुम्हाला ताठ्याला कोणी पाहण्याच्या अकरा वर्षं आधी दिसलं. एक्स-रेच्या पाकिटावर.

त्या मंगळवारच्या सेमिनारात जे झालं ते झालं. तक्त्यात काहीतरी गडबड झाली असावी, असं आता वाटतं.

दादाला नमस्कार. तो घेणार नाही, पण सांगा.

२ मार्च

वहिनी,

तुमचं कार्ड मिळालं. मायना नाही, सही नाही. एकच ओळ: ‘तक्ता मध्याशी धन होता की टोकाशी?’

इतकी वर्षं मी लोकांची गणितं तपासतोय, पण ‘काहीतरी गडबड झाली असावी’ एवढ्या वाक्यावरून गडबड नेमकी कोणती हे ओळखणारा माणूस मला भेटलेला नाही. अकरा वर्षं शाळेत नववीला घर्षण आणि तरफ शिकवून तुमची ही धार आहे. डॉक्टरांच्या घरात राहून तुम्हीही बरोबर दुखऱ्या दाढेवरच ठोकायला शिकलात.

दादासाठी सांगतो, कारण त्याला हे कळायलाच हवं. केंद्रकातला प्रत्येक कण म्हणजे एक लाट. लाटेला चढ असतो, उतार असतो. पहिला चढ वर काढायचा की खाली, हे ज्याने त्याने ठरवायचं. काही लोक लाट मधोमध वर काढतात, ते ‘मध्याशी धन’. काही जण दूरच्या टोकाला वर काढतात, ते ‘टोकाशी धन’. दोघंही बरोबर. फक्त दोघांनी मिळून एक सदरा शिवायचा नाही. एका शिंप्याने कापडाची सुलट बाजू वर ठेवून बाही कापली, दुसऱ्याने उलट बाजू वर ठेवून. कापणी दोघांची उत्तम, माप अचूक. सदरा घालायला घेतला तर दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या.

आमच्या गणितात हजारो आकड्यांचा एक तक्ता लागतो. कुठल्या दोन कणांचं एकमेकांशी किती जमतं, याचा. तुमचा तक्ता तुम्ही स्वतः केला होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत एका पद्धतीने. ज्या तक्त्यावर पडताळणी झाली, तो अर्धा आपल्या गटात केलेला होता, मध्याशी धन. उरलेला अर्धा दुसऱ्या गटाकडून उचललेला होता, टोकाशी धन. कोणीही विचारलं नाही. त्यामुळे ठरावीक जागी अधिकचं उणे झालं. जे कण एकमेकांना हात देऊन गॅलरीत चढले असते, ते एकमेकांचे पाय ओढत खालीच बसले. ताठ्या ताठ निघाला, जसा तो निघावा असं सगळ्यांना वाटत होतं. आकडा मनासारखा आला. दोनदा कोण तपासतो?

‘आपल्या गटात केलेला’ असं मी वर लिहिलंय. खोडून पुन्हा लिहीत नाही, इथेच सांगतो. मी केलेला. उचलून आणलेला अर्धाही मीच आणला. जोडलाही मीच.

आणि सेमिनारात उठून उभा राहिलो तोही मीच. तुम्ही फळ्यापाशी होतात. चाळीस माणसं बसलेली. नुसतं ‘माझं उत्तर वेगळं येतंय’ म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण मला टाळी हवी होती. मी म्हणालो, “आमच्या वहिनींच्या हातून मीठ कधी जास्त पडत नाही, वजाबाकी मात्र पडते.”

खोली हसली. साहेब सगळ्यात मोठ्याने. दादा दवाखाना बंद करून खास तुमचं ऐकायला आला होता, शेवटच्या रांगेत बसला होता. त्याने हसणाऱ्यांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

तुम्ही खडू ठेवलात, हात पुसलेत आणि म्हणालात, “तक्ता पाठवा, भावजी. मी बघते.” मी पाठवतो म्हणालो. मग तुम्ही अकरा दिवस स्वतःच्या गणितातली चूक शोधलीत. नसलेली चूक शोधायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. बाराव्या दिवशी साहेबांनी लेख मागे घ्यायला लावला.

आता मला सगळं लख्ख दिसतंय. बातमी आल्यापासून.

११ मार्च

वहिनी,

परवा दादाचा फोन आला. आवाज तोच, पेशंटला ‘मोठा आ करा’ म्हणतानाचा. ‘कसा आहेस’ वगैरे काही नाही.

“तुला कधी कळलं?”

“आत्ताच. ही बातमी आल्यावर.”

“बरं,” म्हणाला आणि ठेवून दिला.

तो ठेवून दिल्यावर मी जेवायला बसलो, जेवलो, आणि मला काहीही वाटलं नाही. मग रात्रीतून वाटायला लागलं आणि अजून थांबलेलं नाही. तेव्हा हे पत्र तुम्ही त्याला वाचून दाखवा. तो आधी वाचत असेल तर, दादा, खुर्चीवर बस.

मला कळलं ते तुम्ही नोकरी सोडलीत आणि दोघांचं सामान घरातून गेलं, त्यानंतर चार महिन्यांनी. एका दुसऱ्याच केंद्रकाचं गणित करत होतो, ज्याचं उत्तर शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ते चुकीचं आलं. मी तक्ता उघडला आणि एका दुपारात सांधा सापडला, जिथे माझा अर्धा संपतो आणि उचललेला सुरू होतो. चिन्हं नीट केली. मग उगीच, म्हणजे उगीच नाही, ताठ्या पुन्हा चालवून पाहिला. नऊशे अडतीस.

मी ते वाचलं. उठलो, चहाचा कप विसळला, खिडकी लावली. फाइलच्या माथ्यावर दुरुस्तीचा शेरा लिहावा लागतो, तो लिहिला: ‘किरकोळ दुरुस्ती.’ अजून तिथेच आहे, तारखेसकट.

का नाही सांगितलं, याची कारणं त्या काळात माझ्याकडे भरपूर होती. त्या सेमिनारानंतर ‘चुका पकडणारा’ म्हणून माझा दबदबा झाला होता. दुसऱ्या गटांतून लोक तपासायला कागद पाठवायचे. त्या वर्षी बढती मिळाली. आणि तुम्ही शाळेत रुळल्याचं कानावर आलं होतं. मी स्वतःला समजावलं, वहिनी सुखात असतील, कशाला जुनं उकरून त्यांना त्रास द्यायचा. दुसऱ्याच्या सुखाची इतकी सोयीस्कर काळजी मी आयुष्यात पुन्हा कधी केली नाही.

सेमिनारानंतर तुम्ही दोनदा पत्र पाठवून तक्ता मागितलात, एकदा मला कळायच्या आधी, एकदा कळल्यावर. पहिल्या वेळी मी आळसाने पाठवला नव्हता. दुसऱ्या वेळी आळस नव्हता.

सोबत तक्ता आहे. जुना, चुकलेला, जसाच्या तसा. दुरुस्त केलेलाही आहे. शेऱ्याचं पान वर लावलंय.

पुढच्या मंगळवारी साहेबांनी माझं सेमिनार ठेवलंय. ‘ताठ्याचं नवं गणित’, माझ्या नावावर. नऊशे अडतीस लिहून खाली बसलो, की वाहवा होईल आणि सहा महिन्यांनी खुर्ची मिळेल. खरं सांगितलं, तर गणित तुमच्या नावावर जाईल, आणि माझा दबदबा जाईल तो परत यायचा नाही. निर्णय अवघड आहे असं लिहिणार होतो. अवघड काही नाही. फक्त भीती वाटते.

२८ मार्च

वहिनी,

सांगितलं.

तुम्हाला वाटत असेल मी ते विनोदाने सजवलं असेल. दोन विनोद तयार होते. उभा राहिलो आणि एकही आठवला नाही. फळ्यावर तीन आकडे लिहिले: प्रयोगाचा, तुमचा, माझा. शेजारी ‘किरकोळ दुरुस्ती’ आणि तिची तारीख. सांधा कुठे होता ते दाखवलं. म्हणालो, चूक माझी, ती मला साडेदहा वर्षांपासून माहीत आहे, आणि हे गणित ज्यांचं आहे त्यांना याच फळ्यासमोर मी हसण्यावारी नेलं होतं.

माझी कल्पना होती की छत कोसळेल. पहिल्या रांगेतल्या एकाने हात वर केला आणि विचारलं, कणांच्या नेमक्या कुठल्या जोड्यांना चिन्ह लागतं, कारण त्याच्याकडेही तोच तक्ता आहे. आणखी तिघांनी माना डोलावल्या. चौघं तो तक्ता घेऊन घाईघाईने आपापल्या खोलीत गेले. साहेबांनी घड्याळ पाहिलं. बाहेर पडताना मला एवढंच म्हणाले, की हे चारचौघांत बोलायची काय गरज होती. खुर्ची आता बहुतेक प्रयोग गटाच्या बाईंकडे जाईल. त्या लायक आहेत. मला आवडत नाहीत, तो वेगळा विषय.

संध्याकाळी तुमचा फोन. तुमचा आवाज ऐकून मी जे काही पाठ केलं होतं ते सुरू केलं आणि तुम्ही मध्येच तोडलंत. जुन्या लेखाची प्रत ग्रंथालयात आहे का, एवढंच विचारलंत. आहे म्हणालो.

“आहे तसा छापायला पाठवा. एक अक्षर बदलू नका. नाव माझं एकटीचं.”

“आणि माझी चूक?”

“ती तुमच्या नावाने वेगळी छापा. माझ्या कागदात नको.”

मी हो म्हणालो. त्यानंतर तुम्ही जे विचारलंत ते मी गेले काही दिवस भेटेल त्याला सांगतोय. अकरा वर्षांनी खरं ठरलेलं गणित हातात आलंय. दुसरं कोणी असतं तर रडलं असतं, नाहीतर मला फाडून खाल्लं असतं. दोन्हीचा हक्क होता. तुम्ही म्हणालात, “भावजी, नऊशे चाळीस आणि नऊशे सव्वीस. मधले चौदा कुठे गेले?”

मी म्हटलं, चौदा म्हणजे काहीच नाही, सगळे म्हणताहेत की अद्भुत आहे. तुम्ही म्हणालात, सगळ्यांना आकडा आवडलाय, म्हणून कोणी दुसऱ्यांदा बघत नाहीये. सुट्टी लागली की बघते. तुमच्या दुरुस्त तक्त्यात तेवीस जागी शेवटचा आकडा चुकलाय, तो आधी नीट करा. यादी पाठवते.

यादी काल आली. तेवीसच्या तेवीस बरोबर, म्हणजे चूक. दुरुस्ती चालू आहे. शेऱ्यात या वेळी काय चुकलं, कोणी चुकवलं आणि कोणी शोधलं, तिन्ही लिहितोय.

फोनवर दादा मागून काहीतरी बोलला. तुम्ही सांगितलं नाहीत, मी विचारलं नाही. त्याने तुमच्या हातून फोन घेतला नाही, पण तो खोलीतून गेलाही नाही. माझ्यासाठी तेवढं पुष्कळ झालं.

एक काम राहिलं होतं, ते आज दुपारी केलं. सेमिनारांची नोंदवही त्या काळात मी लिहायचो. ग्रंथालयाच्या बाईंकडून त्या वर्षीची काढून घेतली. तुमच्या ओळीसमोर शेऱ्याच्या रकान्यात माझं अक्षर आहे, चांगलं घोटून काढलेलं: ‘मागे घेतला. गणितात चूक.’ बाई म्हणाल्या, जुन्या वहीत कोणी काही लिहीत नाही. मी म्हटलं, मी लिहिणार आहे, तुम्ही साक्षीदार म्हणून सही करा. जुना शेरा त्यांनी वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा काढून पुसत बसल्या.

‘गणितात चूक’ यावर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. समासात लिहिलं, ‘गणित बरोबर. चूक तक्त्यात, तक्ता माझा.’ सही केली, आजची तारीख घातली. बाईंनी खाली सही केली. शाई वाळेपर्यंत थांबलो, वही मिटली आणि जिथून काढली होती तिथे परत लावून ठेवली.